लेव्हल दोनचं बेट

विवराच्या कडेवर बसवलेला एक कॅमेरा दर दहा मिनिटांनी एक फोटो पाठवत होता. 9 डिसेंबर 2019 च्या दुपारी दोन वाजताच्या फोटोत माणसांचा एक घोळका विवराच्या काठाशी उभा दिसतो. दोन वाजून दहा मिनिटांच्या फोटोत विवराच्या सपाट तळावर परतीच्या वाटेला लागलेली माणसांची एक रांग आहे. माणसं म्हणजे नुसते ठिपके. एका मिनिटानं, दोन वाजून अकरा मिनिटांनी, ज्वालामुखी फुटला.

न्यूझीलंडच्या बे ऑफ प्लेंटी या उपसागरातल्या त्या फाकारी बेटावर तेव्हा 47 जण होते. त्यांतले 22 गेले. उरलेले 25 जखमी झाले आणि त्यांतले कित्येक आयुष्यभर पुरतील इतके भाजले. दोघांचे मृतदेह सापडलेच नाहीत. 47 पैकी 38 जण ‘ओव्हेशन ऑफ द सीज’ या क्रूझ जहाजाचे प्रवासी होते आणि चार जण त्यांना फिरवणारे गाइड. राहिलेले पाच हेलिकॉप्टरनं आले होते, चार पर्यटक आणि एक पायलट. मृतांमध्ये सर्वांत जास्त ऑस्ट्रेलियन, चौदा.

मी पुण्यात सोळा वर्षं ट्रेक आणि छोट्या गटांच्या सहली विकतो. त्यामुळे या प्रकरणाकडे मी धंदेवाल्याच्या नजरेनं पाहतो. स्फोट का झाला ते शास्त्रज्ञ सांगतील. मला छळणारा प्रश्न गल्ल्यावरचा आहे: ही सहल त्या दिवशी विकली कोणी, आणि विकताना गिऱ्हाइकाला काय सांगितलं?

सातबारा खासगी

आधी नावाचं. रोमन लिपीतलं स्पेलिंग वाचून आपण ‘व्हाकारी’ म्हणू, पण माओरी उच्चार ‘फाकारी’च्या जवळ जातो. कॅप्टन कुकनं 1769 मध्ये वाफेचा पांढरा ढग पाहून त्याला ‘व्हाइट आयलंड’ म्हटलं, तेही नाव चालतं. किनाऱ्यापासून 48 किलोमीटर आत, समुद्रसपाटीपासून 321 मीटर उंच. ज्वालामुखीचा बराचसा भाग पाण्याखाली आहे, वर दिसतं ते त्याचं नुसतं डोकं. 1914 मध्ये इथे गंधक काढणारे दहा कामगार चिखल-दगडांच्या लोंढ्याखाली गडप झाले. वाचलं ते फक्त त्यांचं मांजर.

1936 मध्ये बटल कुटुंबातल्या एका गृहस्थांनी हे बेट विकत घेतलं. 1953 मध्ये ते खासगी निसर्गराखीव क्षेत्र म्हणून जाहीर झालं. ज्वालामुखी जिवंत, पण सातबारा खासगी, असा हा मामला. बेटाचा कारभार पाहायला कुटुंबाची ‘फाकारी मॅनेजमेंट लिमिटेड’ ही कंपनी. ही कंपनी स्वतः कुणाला फिरवत नव्हती. ती परवाने द्यायची आणि त्याचे पैसे घ्यायची.

फिरवायचं काम ‘व्हाइट आयलंड टूर्स’चं. 2017 पासून ही कंपनी न्गाती आवा या माओरी समाजाच्या गुंतवणूक संस्थेच्या मालकीची होती. फाकाताने या छोट्या बंदरातून बोट निघायची, साधारण दीड तासात बेटावर. मग गाइडच्या मागे विवरापर्यंत चालत जायचं आणि परत. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात गॅस मास्क, आणि गंधकाच्या वाफेनं घसा खवखवला तर चघळायला गोळ्या. अंगात स्वतःचे कपडे, म्हणजे डिसेंबरच्या तिकडच्या उन्हाळ्यात बऱ्याच जणांचे टी-शर्ट आणि अर्ध्या चड्ड्या. हेलिकॉप्टरवाल्या कंपन्या वेगळ्या. सगळं मिळून वर्षाला दहा हजारांहून जास्त माणसं या विवरात उतरून येत.

आता क्रूझचा भाग. क्रूझला जाऊन आलेल्यांना ही पद्धत माहीत असेल. जहाज बंदराला लागलं की प्रवाशांसाठी दिवसभराच्या सहली असतात, त्यांना ‘शोअर एक्स्कर्शन’ म्हणतात. जहाजवालेच त्या विकतात, पैसे जहाजाकडेच भरायचे. जहाज तौरंगा बंदरात आलं, तिथून प्रवासी बसनं फाकातानेला, तिथून बोटीनं बेटावर. जहाज कंपनी आणि बोटवाले यांच्यामध्ये ‘आयडी टूर्स न्यूझीलंड’ ही ग्राउंड हँडलर, म्हणजे प्रवासी उतरल्यावरची व्यवस्था बघणारी, कंपनी होती आणि स्थानिक पातळीवर ‘तौरंगा टुरिझम सर्व्हिसेस’.

कड्या मोजल्या तर अशा: जहाज कंपनी, ग्राउंड हँडलर, स्थानिक व्यवस्थापक, बोट कंपनी, गाइड आणि सर्वांत खाली जमीनमालक. आपल्याकडे चारधामची सहल अशीच विकली जाते. डोंबिवलीचा एजंट, मुंबईची टूर कंपनी, हरिद्वारचा बसवाला, गौरीकुंडचा घोडेवाला. प्रत्येक जण वरच्याकडून गिऱ्हाईक घेतो आणि खालच्याकडे सोपवतो.

आकडा काय सांगत होता

न्यूझीलंडमधल्या ज्वालामुखींवर तेव्हा ‘जीएनएस सायन्स’ ही सरकारी विज्ञान संस्था लक्ष ठेवायची. तिच्या ‘जिओनेट’ यंत्रणेकडून प्रत्येक ज्वालामुखीची इशारा-पातळी जाहीर व्हायची, 0 ते 5. शून्य म्हणजे शांत, 1 म्हणजे किरकोळ अस्वस्थता, 2 म्हणजे मध्यम ते वाढलेली अस्वस्थता, आणि 3 म्हणजे लहान उद्रेक प्रत्यक्ष सुरू. ही मांडणी एकदा नीट वाचा. उद्रेक सुरू होण्याआधीची शेवटची पायरी 2 आहे. तिसऱ्या पायरीवर इशारा द्यायला वेळ उरत नाही, तिथे घटना घडत असते.

फाकारीची पातळी 18 नोव्हेंबर 2019 ला 1 वरून 2 वर नेली गेली. स्फोटाच्या बरोबर तीन आठवडे आधी. 3 डिसेंबरच्या निवेदनात जीएनएसनं म्हटलं की ज्वालामुखी अशा काळात शिरत असावा की जिथे उद्रेकाची शक्यता नेहमीपेक्षा जास्त आहे. त्याच निवेदनात असंही होतं की हालचाल विवरातल्या तळ्याच्या पलीकडच्या बाजूलाच आहे तोवर सध्याच्या पातळीचा पाहुण्यांना थेट धोका नाही. हे दुसरं वाक्य ज्याला सहल चालू ठेवायची आहे त्याच्या कानाला किती गोड लागलं असेल, ते मला कुणी समजावून सांगायला नको. मी स्वतः हवामान खात्याची पानं अशीच वाचलेली आहेत, आपल्याला हवं ते वाक्य सापडेपर्यंत.

या पातळ्यांच्या कोष्टकाखाली आणखी एक ओळ कायम छापलेली असते: उद्रेकाचे धोके कोणत्याही पातळीवर संभवतात आणि पातळ्या क्रमानंच चढतील असं नाही. आकडा आजची तब्येत सांगतो, उद्याची हमी देत नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेलं होतं.

आणि हे नुसतं कागदावर नव्हतं. 27 एप्रिल 2016 च्या रात्री बेटावर एक उद्रेक झाला होता. राखेचा लोंढा पर्यटक चालतात त्या विवराच्या तळावर जवळपास सगळीकडे पसरला. बेटावर कुणी नव्हतं कारण रात्रीचे दहा वाजत आले होते. तोच उद्रेक सकाळी अकराला झाला असता तर? हा प्रश्न विचारायला ज्वालामुखीतज्ज्ञ लागत नाही. 2016 नंतर सहली पुन्हा सुरू झाल्या.

धंद्यात अशा आकड्याचं काय होतं ते सांगतो. शास्त्रज्ञाच्या हातात तो थर्मामीटर असतो. आमच्या हातात आला की त्याची दुकानावरची पाटी होते: ‘उघडे आहे’ किंवा ‘बंद आहे’. कुणी ‘बंद’ म्हणत नाही तोवर उघडं. थर्मामीटरवर एकशे एक ताप दिसतो आणि आम्ही म्हणतो, डॉक्टरनं ॲडमिट व्हायला कुठे सांगितलंय?

जहाजाच्या काउंटरवर

व्हाइट आयलंड टूर्सनं ही गोष्ट लपवली होती का? नाही, आणि म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या वेबसाइटवर लिहिलेलं होतं की बेट सध्या लेव्हल 2 वर आहे, उद्रेकाचे धोके संभवतात, आम्ही वेगवेगळ्या पातळ्यांवर सहली चालवतो, आणि पातळी कोणतीही असली तरी उद्रेकाची जोखीम कायम असते हे प्रवाशांनी ध्यानात घ्यावं. सगळं खरं, सगळं स्वच्छ शब्दांत.

पण जहाजातून सहल घेतलेला माणूस या वेबसाइटवर कशाला जाईल? त्यानं जहाज कंपनीकडून सहल घेतली आहे. बोट कोणाची, बेट कोणाचं, याच्याशी त्याचा संबंध नाही. बहुतेकांना ते नावही माहीत नसेल. त्याच्या हिशेबात एवढी मोठी आंतरराष्ट्रीय कंपनी एखादी सहल यादीत ठेवते, म्हणजे कुणीतरी ती तपासली असणार. तो भरवसा विकत घेतो. क्रूझचं निम्मं भाडं त्या भरवशाचंच असतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या धंद्याचंही. ग्रुप टूरला पंधरा हजार जास्त मोजणारे काका-काकू हॉटेलच्या खोलीसाठी मोजत नाहीत. ‘कुणीतरी बघतंय’ यासाठी मोजतात.

शिवाय वेळ बघा. काही जणांना लेव्हल 2 चा उल्लेख ऐकायला मिळाला असेलही, पण कुठे? बोटीवर, लाइफ जॅकेट घालता घालता. पैसे भरून झालेले, बसचा प्रवास झालेला, बायको-मुलं शेजारी बसलेली, जहाज संध्याकाळपर्यंत भेटणार नाही. त्या जागी उठून ‘मी येत नाही’ म्हणणारा माणूस मी सोळा वर्षांत दोनदाच पाहिला. एकदा जीपमध्ये आणि एकदा दोराला अडकवल्यावर. सूचना मिळाली असं कागदावर म्हणता येईल. पण निवड करायची सोय गेल्यानंतर आलेली सूचना फक्त सांगणाऱ्याच्या उपयोगाची.

या साखळीतून पैसा एकेक कडी करत खाली झिरपला, प्रत्येकानं आपला वाटा कापून घेतला. माहितीला मात्र उलट दिशेनं, बोटीपासून वर जहाजाच्या काउंटरपर्यंत चढायचं होतं. तिथे तिला कोणी धक्का दिला नाही, कारण ते काम कुणाच्या करारात ठळक लिहिलेलं नव्हतं आणि ते करण्यात प्रत्येकाचं नुकसान होतं. तीन आठवडे हा आकडा इंटरनेटवर उघडा पडला होता.

दीड तास

स्फोट फार मोठा नव्हता. राखेचा खांब साधारण साडेतीन किलोमीटर उंच गेला. मारलं ते जमिनीलगत पसरलेल्या तप्त राख-वाफेनं, आणि तिच्यात आम्लं होती. ‘फीनिक्स’ ही बोट आधीच्या गटाला घेऊन नुकतीच निघाली होती. ती वळली, जखमींना घेतलं. परतीच्या प्रवासात त्या बोटीवरचे पर्यटक, म्हणजे काही मिनिटांपूर्वी तेच विवर पाहून आलेली माणसं, भाजलेल्यांच्या अंगावर बाटल्यांमधलं पिण्याचं पाणी ओतत होती. सरकारी बचाव पथकं थांबवून ठेवलेली असताना खासगी हेलिकॉप्टरांचे पायलट आपल्या जबाबदारीवर बेटावर उतरले आणि बारा जणांना घेऊन आले. न्यूझीलंडला अमेरिकेहून 12 लाख चौरस सेंटिमीटर त्वचा मागवावी लागली. एवढ्यावरून काय ते समजा.

मला एक गोष्ट इथे नोंदवायची आहे. ज्या कंपन्यांवर पुढे खटला चालला त्यांच्याच माणसांनी त्या दिवशी जीव धोक्यात घातले, दोन गाइड मेले. विकणारा वाईट आणि गिऱ्हाईक बिचारं, असं सरळ चित्र या प्रकरणात कुठेच बसत नाही.

कोर्टात कोण उरलं

न्यूझीलंडमध्ये अपघातातल्या शारीरिक इजेसाठी सरकारी विमा योजना आहे, परदेशी पाहुण्यांनाही ती लागू होते. त्या बदल्यात तिथल्या कोर्टात इजेच्या नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही. त्यामुळे कोण चुकलं याची चौकशी फौजदारी मार्गानंच झाली. काही कुटुंबं जहाज कंपनीविरुद्ध अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या कोर्टांत गेली, काही दावे तडजोडीनं मिटले.

कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची नियामक संस्था ‘वर्कसेफ’. तिनं 30 नोव्हेंबर 2020 ला 13 जणांवर आरोप ठेवले, 10 संस्था आणि 3 व्यक्ती. कायदा 2015 चा, आरोग्य आणि सुरक्षेचा. यादीत बोटवाले होते, हेलिकॉप्टरवाले होते, जमीनमालक कंपनी आणि तिचे संचालक असलेले तिघे बटल बंधू होते, ग्राउंड हँडलर होते, खुद्द जीएनएसही होती. ज्या जहाज कंपनीनं 38 जणांना ही सहल विकली, ती या तेरांत नव्हती.

व्हाइट आयलंड टूर्स आणि हेलिकॉप्टर कंपन्यांनी गुन्हा कबूल केला. जीएनएसनंही एका आरोपापुरता कबूल केला आणि 54,000 न्यूझीलंड डॉलर दंड भरला, पण तो होता तिच्या कर्मचाऱ्यांना बेटावर नेणाऱ्या हेलिकॉप्टर पायलटांशी धोक्याबद्दल पुरेसं न बोलल्याचा. निवेदनांच्या भाषेबद्दल नव्हे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेवरचे आरोप 2022 मध्ये रद्द झाले. जुलै 2023 मध्ये न्यायाधीश इव्हँजेलोस थॉमस यांच्यासमोर सुनावणी सुरू झाली, आणि सप्टेंबरमध्ये बटल बंधूंवरचे आणि दोन्ही मधल्या कंपन्यांवरचे, म्हणजे आयडी टूर्स आणि तौरंगा टुरिझम सर्व्हिसेसवरचे, आरोप फेटाळले गेले. उरली जमीनमालक कंपनी. ऑक्टोबर 2023 मध्ये ती एका आरोपात दोषी ठरली. बेटाच्या धोक्याचं तज्ज्ञांकडून नीट मूल्यांकन करून घेतलंच नाही, निदान 2016 नंतर तरी करायला हवं होतं, असा त्या निकालाचा रोख होता.

1 मार्च 2024 ला शिक्षा झाली. व्हाइट आयलंड टूर्सला 5,17,000 डॉलर दंड आणि 50 लाख डॉलर भरपाई. जमीनमालक कंपनीला 10,45,000 डॉलर दंड आणि 48.8 लाख डॉलर भरपाई. व्होल्कॅनिक एअरला 5,06,000 दंड, 3,30,000 भरपाई. इतर हेलिकॉप्टर कंपन्यांना लहान दंड. भरपाईची बेरीज 1 कोटी डॉलरच्या थोडी वर.

आणि मग 28 फेब्रुवारी 2025 ला हायकोर्टानं जमीनमालक कंपनीला दोषी ठरवणारा निकालच रद्द केला. न्यायमूर्ती सायमन मूर यांचं म्हणणं असं की कंपनीनं फक्त बेटावर यायची परवानगी दिली होती. तिथलं चालणं-फिरणं, कामाची जागा म्हणून, तिच्या ताब्यात किंवा व्यवस्थापनात नव्हतं. कायद्यानं बोलायचं तर मला हा निकाल पटतो. माझ्या ट्रेकची वाट ज्याच्या शेतातून जाते त्या शेतकऱ्याला ढगफुटीसाठी जबाबदार धरलं तर उद्या सह्याद्रीत कुणी बांधावर पाय ठेवू देणार नाही. पण या शेतकऱ्याचं शेत हेच विक्रीचं आकर्षण होतं आणि पैसे नियमित येत होते, म्हणून निकाल पटूनही घास घशात अडकतो.

सगळं निवळल्यावर साखळीच्या मधे आणि वर असलेले सुटले, खाली जमीन असलेला सुटला. अडकले ते ज्यांच्या हातात बोट आणि हेलिकॉप्टर होतं. प्रत्यक्ष नेणारा अडकतो, विकणारा सुटतो. आमच्या धंद्यात सगळ्यांनाच हे आतून माहीत असतं, म्हणून तर प्रत्येकाला मधली कडी व्हायचं असतं.

वर्कसेफही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. साहसी सहलींवर देखरेख करण्यात ती कमी पडली, असं तिच्याच कामाच्या स्वतंत्र तपासणीत 2021 मध्ये समोर आलं.

विकणाऱ्याची बाजू

ती मांडल्याशिवाय हा अभ्यास पुरा होत नाही, आणि माझं मीठ त्याच बाजूचं आहे.

बोटवाले म्हणू शकत होते: शास्त्रज्ञांनी थांबा म्हटलं नाही. सरकारनं बंदी घातली नाही. लेव्हल 2 पूर्वीही लागली होती आणि तेव्हा काही झालं नव्हतं. लोक ज्वालामुखी बघायलाच येतात, तो जिवंत आहे हेच तर आम्ही विकतो. दर वेळी आकडा चढला की बंद केलं तर फाकातानेसारख्या गावात हॉटेलं, बसवाले, चहावाले सगळे बसतील. यातलं एकही वाक्य खोटं नाही.

फक्त ही सगळी उत्तरं ‘सहल चालू ठेवावी का?’ या प्रश्नाची आहेत. ‘गिऱ्हाइकाला आधी सांगितलं का?’ या प्रश्नाला यातलं एकही वाक्य लागू पडत नाही. चालू ठेवणं हा चुकू शकणारा निर्णय आहे, पण निर्णय आहे. न सांगता चालू ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं, त्याला न विचारता, त्याच्या जिवावर तो निर्णय घेणं. ज्याला फुटू शकणाऱ्या विवरात उतरायचंच आहे त्यानं खुशाल उतरावं. जहाजात बसून तीन सहलींतून एक निवडताना, दुसरी किवी फळांची बाग आणि तिसरी गरम पाण्याचे झरे असताना, पहिलीपुढे ‘सध्या लेव्हल 2, उद्रेकाआधीची शेवटची पायरी’ अशी एक ओळ असती, तर किती जणांनी बोट पकडली असती? काहींनी पकडलीच असती. ते प्रमाण ठरवण्याचा हक्क त्यांचा होता.

न्यूझीलंडनं 1 एप्रिल 2024 पासून साहसी सहलींचे नियम बदलले. नैसर्गिक धोक्यांचं मूल्यांकन करणं आणि गंभीर धोक्यांची सहभागींना आगाऊ माहिती देणं आता चालकाचं काम आहे. फाकारीवर मात्र 2019 नंतर पर्यटक उतरवले जात नाहीत, फार तर हेलिकॉप्टर किंवा बोटीतून लांबून दर्शन. आपल्या अंदमानातल्या बॅरन बेटाच्या ज्वालामुखीला हीच पद्धत आधीपासून आहे, बोटीतून बघा, उतरू नका.

घाटमाथ्यावर

आपल्या सह्याद्रीत जिवंत ज्वालामुखी नाही, पाऊस आहे. आणि आपल्याकडे आकड्यांच्या जागी रंग आहेत: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. हवामान खातं पुण्याचा घाटमाथा वेगळा धरून इशारा देतं, हे पुण्यातल्या प्रत्येक ट्रेकवाल्याच्या मोबाइलमध्ये शुक्रवारी दुपारी आलेलं असतं. 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार महाराष्ट्रात असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. किती व्हॉट्सॲप ग्रुपनी केली असेल ते तुम्हीच ओळखा. ‘वीकेंडला चला, 899 फक्त, चहा-पोहे समाविष्ट’ असं लिहिणाऱ्याच्या मेसेजमध्ये रंगाचा उल्लेख मी तरी फारसा वाचलेला नाही.

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह निघाले, 57 माणसं कायमची बेपत्ता. दरडप्रवण गावांच्या यादीत ती वाडी नव्हती. आमचे कितीतरी ट्रेक त्या वाडीतल्या अंगणात चहा पिऊन वर गेलेले. एकदा एका आजींनी वीस जणांसाठी चुलीवर पातेलं चढवलं होतं आणि दूध संपलं म्हणून शेवटच्या चौघांना कोरा चहा दिला, त्याचे पैसे घ्यायला तयार नव्हत्या. यादीत नाही म्हणजे धोका नाही, असं सरकारनं कधी म्हटलं नव्हतं. पण आम्ही सगळे ती यादी तशीच वाचत होतो, फाकाताने बंदरात लेव्हल 2 वाचली जात होती तशी.

माझी स्वतःची गोष्ट छोटी आहे आणि तिच्यात कोणी मेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी जुलैत कर्जतकडच्या एका किल्ल्यावर मी बावीस जणांना घेऊन गेलो होतो. आदल्या संध्याकाळी जोराच्या पावसाचा इशारा आला होता. बस ठरली होती, ॲडव्हान्स दिला होता, मी गेलो. परतताना ओढा भरला आणि आम्ही सात तास एका गुहेत बसलो. सगळे सुखरूप आले. दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या आईचा फोन आला. रागावल्या नव्हत्या. एवढंच विचारलं, ‘तुम्हाला आदल्या दिवशी माहीत होतं का हो?’ मी म्हणालो, ‘पावसाळ्यात असतंच, काकू.’ त्यांनी फोन ठेवला. ती मुलगी पुन्हा कधी आली नाही.

फाकारीचा निकाल वाचल्यावर मी मेसेज बदलला. आता शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता प्रत्येकाला वेगळा जातो, ग्रुपवर नाही, कारण ग्रुपवर तो वाचला जात नाही: उद्यासाठी घाटमाथ्याला नारिंगी इशारा आहे. वाटेत दोन ओढे आहेत, भरले तर परतायला रात्र होईल. लाल झाला तर ट्रेक रद्द. नारिंगी राहिला तर मी जाणार आहे. तुम्हाला यायचं नसेल तर रात्री दहापर्यंत कळवा, पूर्ण पैसे परत.

पहिल्यांदा हा मेसेज पाठवला तेव्हा एकतीस बुकिंग होती. नऊ जणांनी नाही म्हटलं. बसचे पैसे अंगावर आले. नऊपैकी एक आमचे जुने गिऱ्हाईक, आठ-दहा पावसाळे आमच्याबरोबर काढलेले. पैसे परत केल्यावर त्यांचा उलट मेसेज आला: ‘दादा, हे रंग आधीच्या वर्षीही असेच असायचे का?’

मी लिहिलं, ‘हो, असायचे.’